जमा केलेली बंदूक आणि धारवाल्याची हाक

निवडणूक लागली हे मला टीव्हीवरून कळत नाही. पोलीस पाटलाचा फोन येतो, "काका, बंदूक जमा करा हां," तेव्हा कळतं. मग मी कपाटावरचं गाठोडं खाली काढतो, धूळ झटकतो. बायको तिची एखादी विरलेली साडी देते. त्या साडीत बंदूक नीट गुंडाळायची, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभी धरायची आणि सरावलीहून डहाणूच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो, विधानसभा असो, लोकसभा असो, सगळ्यांना हेच. निकाल लागले की परत जाऊन घेऊन यायची. आता पासष्टी उलटली, स्कूटर चालवताना पाठ धरते, आणि दर वेळी वाटतं की ह्या वर्षी परवानाच परत करून टाकू. पण करत नाही.

बंदूक वडिलांची. बाराबोरची एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. आमची चिकूची वाडी आहे, खालच्या अंगाला थोडं भात. चिकू पिकायला लागला की वटवाघळं येतात, माकडं तर बारा महिने, आणि भात तयार व्हायला आलं की डुकरं. वडील हवेत बार काढायचे, मीही तेच करतो. कोणाच्या अंगावर कधी झाडली नाही. एकदाच नेम चुकला, आणि हवेत मारताना नेम कसा चुकतो हे मला विचारू नका, पण शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं. बायको ती गोष्ट अजून पाहुण्यांना चहाबरोबर सांगते.

जमा करायच्या दिवशी ठाण्याबाहेरच्या बाकावर आम्ही सगळे वाडीवाले म्हातारे ओळीने बसलेलो असतो. प्रत्येकाच्या मांडीवर लांबुळकं गाठोडं, कोणाचं साडीत, कोणाचं चादरीत, एकाचं तर जुन्या परकरात. बारशाला आल्यासारखे दिसतो अगदी. कोणी कोणाला हसत नाही, कारण सगळेच तसे. आत नंबर लागला की हवालदार बंदूक बिजागरीशी उघडून नळीतून उजेडाकडे बघतो, तिच्यावरचा क्रमांक लिहितो, काडतुसं मोजतो, दस्त्याला चिठ्ठी बांधतो आणि पावती देतो. एखादं काडतूस कमी भरलं तर ते कुठे उडवलं हे सांगावं लागतं.

मला ह्याचा राग कधी आला नाही. निवडणुकीत डोकी तापतात, दारू वाहते, भाऊ भावाच्या दारात उभा राहत नाही. अशा दिवसांत बंदुका सरकारच्या कपाटात पडलेल्या बऱ्या. त्यासाठी पाठ दुखली तरी चालेल.

मागच्या खेपेला मात्र हवालदाराने पावतीबरोबर आणखी एक कागद पुढे सरकवला.

"काका, वाडीवाल्यांच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन तुम्हीच ना?"

"मीच. का रे बाबा?"

"मग हेही घ्या. सही करा इथे."

वाडीवाल्यांचा ग्रुप म्हणजे आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा. डहाणू आणि तलासरी तालुक्यातले बागायतदार, भाजीवाले, दोनचार व्यापारी. चिकूचा भाव काय फुटला, मजूर कुठे मिळतील, लाइट कधी येणार, कोणाची म्हैस सुटली, असलं चालतं. आणि सकाळी उठून गुलाबाची फुलं. कागदात लिहिलं होतं की ग्रुपात कोणीही काहीही टाकलं तर अ‍ॅडमिन जबाबदार. आणि हवालदार तोंडी म्हणाला, "साहेब म्हणतात, निकालापर्यंत फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करून टाका. उगाच डोक्याला ताप नको."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "अहो, बंदूक माझी, तिची जबाबदारी माझी, कबूल. पण शेजाऱ्याच्या बंदुकीतून बार उडाला तर मला धरता का? मग गावभरच्या तोंडांना मी एकटा जबाबदार कसा?"

तो लिहितच होता. मान वर न करता म्हणाला, "काका, तुमच्या बंदुकीचा आवाज सरावलीपुरता. हा आवाज पार वेवजीच्या पुढे गुजरातेत जातो."

"बरं. बंदुकीची पावती दिलीत. ग्रुपची द्या मग."

त्यावर त्याला हसू आलं. "तोंडाची पावती कुठे असते हो काका!" मागे बाकावर माणसं खोळंबली होती. मी सही केली.

माझा हा फणकारा समजायला थोडं मागचं सांगायला हवं. मी वाडी सांभाळून बरीच वर्षं तालुक्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहायचो. मोठं काही नाही. रस्ते, दवाखाने, कारखान्यांचं खाडीत सुटणारं काळं पाणी. त्या काळ्या पाण्याबद्दल लिहिलं तेव्हा घरी फोन आला होता. आवाज अगदी गोड. "लिहिणं पुरे करा, वाडीत लक्ष घाला. वाडी छान आहे तुमची." एवढंच. साप्ताहिकाच्या मालकालाही तसाच गेला असणार, कारण पुढच्या अंकापासून माझा मजकूर येईनासा झाला. तेव्हापासून तोंड बंद करा म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बायको म्हणते, "बंदूक गपगुमान देऊन येता, आणि गप्प बसा म्हटलं की अंगावर येता. लोकांचं उलटं असतं."

तिला माझं उत्तर ठरलेलं. वाणगावच्या बाजारात चहा पिताना दहा जणांना ऐकवलेलं. बोलण्याला बोलण्यानं उत्तर देता येतं, गोळीला देता येत नाही. कोणी खोटं बोललं तर दुसरा उठून म्हणू शकतो की हे खोटं आहे. ज्याला गोळी लागली तो उठून काय म्हणणार? म्हणून बंदुकीला परवाना असावा, मोजदाद असावी, निवडणुकीत ती कुलपात असावी. तोंडाला मात्र हात लावू नये. मला हे फार पक्कं वाटायचं. चहावाल्यालाही पटायचं, अर्थात तो सगळ्यांनाच मान डोलावतो.

तर त्या संध्याकाळी मी ग्रुप बंद केला. सेटिंग बायकोने शोधून दिलं. आणि खरं सांगू? दोन दिवस बरं वाटलं. फुलं नाहीत, देवांचे फोटो नाहीत, कोणाचं कोणाशी वाजलं नाही. फोन टेबलावर मुकाट पडून राहायचा. मी बायकोला म्हटलंसुद्धा, की सरकारने हे आधीच करायला हवं होतं.

आता धारवाल्याचं सांगतो.

दसरा झाला, भात कापणीला आलं की आमच्याकडे एक धारवाला येतो. सीमेपलीकडचा, गुजरातेतला आहे. आधी वेवजी, मग तलासरीचे पाडे, मग खाली वाणगाव आणि शेवटी आमच्याकडे, असा त्याचा फेरा. पूर्वी सायकल असायची, स्टँडवर उभी करून पायडल मारलं की मागचं धारेचं चाक फिरायचं. त्याची हाक अर्धी मराठी अर्धी गुजराती, "धाऽऽर कढावो, धाऽऽर! कोयते, विळे, काऽऽत्र्या!" आवाज असा की वाडीच्या पार टोकाला चिकू उतरवणाऱ्या बायासुद्धा म्हणायच्या, आला बघा तुमचा धारवाला. मला तो शेठ म्हणतो. शेठ म्हणू नकोस सांगून मी थकलो.

त्याच्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक. धार लागली का हे तो डाव्या हातावर बघायचा. कोयता कोपराच्या खाली हलकेच फिरवायचा, केस उतरले की धार झाली. त्यामुळे त्याचा उजवा हात केसाळ आणि डावा कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत. दुसरी गोष्ट ठिणग्यांची. चाकाला लोखंड लागलं की ठिणग्या उडायच्या आणि त्या बघायला पोरांचा हा गराडा पडायचा. तोही खुशीत येऊन पोरांसाठी उगाच एखादा गंजका खिळा चाकावर धरायचा. धार कोणाला लावायचीय त्या खिळ्याला! नुसती गंमत.

त्या वर्षी त्याने जुनी मोटरसायकल घेतली होती आणि चाक तिच्यावर बसवलं होतं. डोक्यावर हेल्मेट, आणि धूळ नाकात जाते म्हणून तोंडाला फडकं. मी ग्रुप बंद केला त्याच्या तिसऱ्या दिवशी वेवजीजवळच्या एका पाड्यावर आंब्याखाली तो बसला, नेहमीसारखी पोरं जमली आणि कोणीतरी लांबून फोटो काढला. हेल्मेट घातलेला, तोंड झाकलेला माणूस आणि त्याच्याभोवती आठदहा पोरं. खाली आवाज जोडलेला, "हा माणूस पोरं पळवतो. पाड्यापाड्यावर फिरतोय. आपल्या मुलांना सांभाळा, पुढे पाठवा."

मी तो आवाज ऐकलाय. पाड्यावरच्या माणसाचा नव्हता. चांगली शहरी, स्वच्छ मराठी होती, बातम्या वाचल्यासारखी. मला तो त्या सकाळी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आला. एक व्यापारी, एक मामेभाऊ, एक निवृत्त मास्तर. सगळी शहाणी माणसं. फोटोतला माणूस मला ओळखू आला नाही. नेहमीचीच काहीतरी थाप असेल म्हणून मी फोन शर्टाच्या खिशात टाकला, शर्ट फांदीला अडकवला आणि बायांबरोबर चिकू निवडायला बसलो.

थोड्या वेळाने फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. वेवजीला माझ्या चुलत भावाची बायको असते, भाजीचा मळा आहे त्यांचा. वहिनी कधी उगाच फोन करत नाहीत.

"भाऊजी, ग्रुप उघडा!"

"काय झालं वहिनी?"

"उघडा आधी, मग विचारा! आपल्या धारवाल्याला धरलंय आंब्याखाली. पोरं पळवणारा म्हणून. मी लिहायला गेले तर म्हणतो फक्त अ‍ॅडमिन. अहो, ह्या सगळ्यांचे मालक त्या ग्रुपात आहेत, एकाने फोन केला तरी सोडतील ते त्याला!"

वहिनींचं बरोबर होतं. त्या पाड्यावरची निम्मी माणसं ज्यांच्या वाड्यांवर कामाला जातात ते सगळे आमच्या ग्रुपात. खोटं चारी वाटांनी गेलं होतं, प्रत्येकाच्या खासगी फोनवर, आणि खरं सांगणारी एकटी बाई माझ्या कुलपाशी अडकली होती.

चष्मा घरात. चिकूच्या चिकाने बोटं चिकट झालेली, फोन बोट ओळखेना. मी धावत घरात गेलो, धावत म्हणजे आमचं जे काय धावणं असतं ते. बायकोने फोन हिसकावून घेतला, सेटिंग उघडलं, आणि मी सांगत गेलो तसं लिहिलं: फोटोतला माणूस आपला नेहमीचा धारवाला आहे, पोरं ठिणग्या बघायला जमली आहेत, वेवजीला ज्यांची ओळख आहे त्यांनी ताबडतोब फोन करा. मी ठाण्यात फोन लावला. मग स्कूटर काढली. बायको मागून ओरडली, "तुम्ही पोहोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल!" खरंच होतं ते. तासाभराचा रस्ता आहे. तरी निघालो. घरी बसवेना.

पुढचं वहिनींनी सांगितलेलं.

गवतकापणीचे दिवस. आंब्याखाली चाळीसएक माणसं, बाया आणि बाप्ये, सरळ कामावरून आलेली, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात विळा नाहीतर कोयता. कोणी शस्त्र म्हणून आणलेला नव्हता, पण हातात होता. हल्ली पाड्यांवर अनोळखी माणसं फार येतात. मोजणीवाले, कर्जवाले, कसल्या कसल्या कागदावर अंगठे घेणारे. माणसं आधीच बिथरलेली. त्यात पोरांचा विषय. मला त्यांना नावं ठेववत नाहीत. माझी नात त्या फोटोत असती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

धारवाल्याचं हेल्मेट ओढून काढलेलं, ओठ फुटलेला, मोटरसायकल चाकासकट खड्ड्यात. तो गुजरातीत काहीतरी सांगत होता आणि जितकं सांगत होता तितका गलका वाढत होता. वहिनी गर्दीत घुसल्या. त्यांनाही धक्काबुक्की झाली. पण बाई खमकी. त्यांनी सरळ धारवाल्याचा डावा हात धरला, बाही वर सारली आणि हात उंच केला.

"हा हात बघा! ह्या हातावर केस आहेत का? नाहीत! का नाहीत? तुमच्या हातातल्या त्या कोयत्याला धार ह्यानेच लावलीय, आणि ह्या हातावर बघितलीय! दर वर्षी! विसरलात?"

मग एक म्हातारी पुढे आली. तिने त्याच्या हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तोच हाय." तिच्या नवऱ्याच्या कोयत्याला तो धार लावायचा, नवरा होता तेव्हापासून. तेवढ्यात एकदोघांचे फोन वाजायला लागले, मालकांचे. माणसं मागे सरली. कोणीतरी पाणी आणलं. ज्याने हेल्मेट ओढलं होतं त्यानेच ते उचलून, पुसून त्याच्याजवळ ठेवलं.

मी पोहोचलो तेव्हा तो वहिनींच्या ओटीवर बसला होता, ओठाला ओलं फडकं लावून. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बस बाबा बस. तो म्हणाला, "शेठ, मी काय वाईट बोललो पण नाय. बोललो तर म्हणतात थापा मारतो, गप बसलो तर म्हणतात कबूल केलं. मग माणसानं करायचं काय?" मी त्याचं फडकं परत ओलं करून दिलं. वाणगावच्या चहाच्या टपरीवर माझ्याजवळ उत्तरं फार असायची.

तिथेच वहिनींच्या शेजारचे एक वाडीवाले आले. माझ्याच वयाचे, परवाना डहाणूकडच्या जुन्या वाडीवरचा म्हणून ठाण्याच्या बाकावर दर निवडणुकीला माझ्या शेजारी बसणारे, ते परकरवाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरं झालं हो, बंदूक ठाण्यात आहे. माझे दोन्ही नातू सकाळपासून बाहेर खेळत होते. तो आवाज ऐकला आणि मी कपाटाकडे हात केला होता. कपाट रिकामं." त्या माणसाने आयुष्यात वटवाघूळही मारलेलं नाही.

पोलीस आले, जबाब झाले. डहाणूचा आमचा हवालदारही बंदोबस्ताला तिकडेच होता, डोळे तांबारलेले, कितीतरी दिवस झोप नसल्यासारखा. मला म्हणाला, "ग्रुप उघडलात काका?" मी म्हटलं, "उघडला." त्याने मान हलवली आणि पुढे गेला. नोटिशीचं नाव काढलं नाही.

त्या उघडलेल्या ग्रुपात काय काय आलं तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की खऱ्याचा विजय झाला. सगळ्यात आधी कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. मग पंधरावीस जणांनी तो फोटो परत टाकला, "हे खरं आहे का?" म्हणून. मग काहींनी फोन लावले, त्यांचे उपकार. आणि संध्याकाळी, सगळं निस्तरल्यावर, एका शहाण्याने लिहिलं, "धारवाला असेलही, पण खात्री काय देता?" मी त्याला उत्तर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं आणि फोन ठेवून दिला. कंटाळा आला हो. खरोखर कंटाळा आला.

घरी आल्यावर बायकोने जेवायला वाढलं आणि विचारलं, "मग आता तुमचं म्हणणं काय?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मी म्हटलं, माहीत नाही. बंदुका कुलपात होत्या म्हणून तो वाचला. तोंडं कुलपात होती म्हणून मरता मरता राहिला. पण ग्रुप उघडा असता तर तो आवाज आधी तिथेच पडला असता आणि सगळ्या तालुक्यात दुप्पट वेगाने फिरला असता, हेही खरं. बोलण्याला बोलण्यानं उत्तर देता येतं, पण उत्तर पोहोचेपर्यंत माणूस उभा राहायला पाहिजे ना! मग तोंडालाही बंदुकीसारखा परवाना ठेवा म्हणावं, तर तो देणार कोण? मला गोड आवाजात फोन करणारेच देणार. त्यांनी पहिला परवाना त्या बातम्या वाचल्यासारखं बोलणाऱ्या माणसाला दिला असता, आणि वहिनींना उद्या या म्हणून सांगितलं असतं. बायको म्हणाली, "जेवा आता, भात गार होतोय."

निकाल लागले. कोण निवडून आलं ते सोडा. मी पावती घेऊन ठाण्यात गेलो, बाकावर बसलो, नंबर आला. हवालदाराने चिठ्ठी सोडली, क्रमांक ताडून बघितला, काडतुसं मोजून दिली, साडीसुद्धा घडी घालून परत दिली. मी विचारलं, "तो आवाज कोणाचा, कळलं का?"

"कुठे काय, काका. हजार फोनांतून फिरलाय तो. पहिला कोण, कसं काढायचं?"

मी म्हटलं, माझं एक काडतूस कमी भरलं असतं तर? तो म्हणाला, "तर तुम्हाला सोडलं नसतं." दोघेही हसलो, पण हसण्यात काही दम नव्हता. बंदूक गुंडाळली आणि घरी आलो. कपाटावर ठेवली.

हे सगळं मागच्या वर्षीचं. यंदा दसरा होऊन गेला, भात पिवळं पडलं आणि धारवाल्याचा पत्ता नाही. मला वाटलं, आता येत नाही. कशाला येईल? बायकोचा कोयता बोथट झाला होता, ती नारळ फोडताना माझ्यावर करवादायची. मी म्हटलं बाजारातून नवा आणतो.

मग एका सकाळी फोन वाजला. "शेठ, मी आलोय. फाटकाशी."

मी बाहेर आलो. फाटकाबाहेर तो उभा, मोटरसायकल बंद करून, हेल्मेट हातात धरलेलं, तोंडाला फडकं नाही. ओठावर पांढरी खूण. मी म्हटलं, "अरे, दारात येऊन फोन कसला करतोस? हाक मारायचीस की!"

"नको शेठ. आता हाक नाय मारत. ओळखीच्या घरी फोन करून येतो, तेवढीच घरं. आत घेता का?"

मी फाटक उघडलं. त्याने गाडी ढकलतच आत आणली, घराच्या मागे विहिरीपाशी, जिथून रस्ता दिसत नाही. बायकोने विळा, कोयते, दोन कात्र्या आणून ठेवल्या आणि चहा टाकायला गेली. त्याने कोयता चाकाला लावला. तो घर्रकन आवाज झाला आणि शेजारच्या वाडीतली पोरं कुंपणाशी आली. आवाज त्यांच्या ओळखीचा. तारेतून डोकी घालून उभी राहिली.

त्याने चाक लगेच थांबवलं. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान खाली घालून मला म्हणाला, "शेठ, त्यांना जायला सांगा."

"अरे, शेजारचीच आहेत. मी आहे ना इथे."

"सांगा शेठ. हात जोडतो."

मी कुंपणापाशी गेलो. सगळ्यात पुढे एक परकरपोलक्यातली मुलगी होती, हातात गंजका खिळा घेऊन. तो शेवटचा आमच्याकडे आला होता तेव्हापासून जपून ठेवलेला असावा. म्हणाली, "आजोबा, ठिणग्या?"

मी म्हटलं, "आज नाहीत गं. घरी जा."

ती गेली नाही लगेच. थोडा वेळ वाट बघितली, मग खिळा मुठीत घेऊन पोरांच्या मागे गेली. मी फाटकाला आतून कडी घातली. मग त्याने चाक सुरू केलं.